शंभर रात्रींची गादी

पाठ दुखत असेल तर कोणती गादी घ्यावी, असं विचारणारे फोन मला अजूनही येतात. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळींत गादीतला जाणकार म्हणून माझं नाव झालं होतं, ते सहजासहजी पुसलं जात नाही. फोमची घनता, काथ्याचा थर, गादीची जाडी, खोळ काढून धुता येते की नाही, यावर मी पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची वाटी हातात धरून अर्धा तास बोललेलो आहे. लोकांनी ऐकून घेतलं. दोघांनी माझ्या सांगण्यावरून गाद्या घेतल्याही आणि त्या दोघांच्या पाठी आज उत्तम आहेत.

हल्ली फोन आला की मी आधी एकच प्रश्न विचारतो. आडवं झाल्यावर दुखणं कमी होतं की वाढतं? कमी होतं म्हणाले, तर गादीबद्दल बोलतो, मनापासून बोलतो. वाढतं म्हणाले, तर तो विषय तिथेच बंद करतो आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, असं सांगतो. काहींना राग येतो. हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला तेव्हा मलाही आला होता.

आपल्याकडे गेल्यावर

मी विमा कंपनीत अधिकारी आहे, दावे विभागात. माणूस आजारी पडतो, इस्पितळात जातो, त्याचे कागद आमच्या टेबलावर येतात आणि आम्ही त्यावर शेरे लिहितो. मूळचा अकोल्याचा. नोकरीत भोपाळ, रांची, रायपूर झालं आणि गेली चार वर्षं जयपूर. घरात तिघं: मी, बायको माधुरी आणि मुलगी ईशा. ईशा सीतापुऱ्याच्या बाजूला एका कॉलेजात शिकते. विद्याधर नगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट आहे.

बदलीवाल्यांच्या घरात एक वाक्य रोजच्या वरणभातासारखं असतं: आपल्याकडे गेल्यावर बघू. चांगलं कपाट आपल्याकडे गेल्यावर. ईशाचा चष्म्याचा नंबर आपल्याकडे गेल्यावर. माधुरीची एक दाढ दोन शहरं दुखली, कारण अकोल्याचे दातांचे डॉक्टर तिच्या माहेरच्या गल्लीतले होते आणि दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडायला ती तयार नव्हती. परक्या गावात आपण तात्पुरते आहोत, म्हणजे आपले आजारही तात्पुरतेच असणार, असा काहीतरी आमचा समज होता. यात मी माधुरीला नावं ठेवत नाही. हे वाक्य घरात सगळ्यात जास्त मीच वापरायचो.

माझी पाठ संक्रांतीच्या सुमारास दुखायला लागली. कमरेच्या वर, अगदी मधोमध, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी. आम्ही झोपायचो त्या गाद्या माधुरीच्या आईने लग्नात दिलेल्या, अकोल्याच्या कापसाच्या. चार शहरांतून ट्रकमध्ये गुंडाळून आणलेल्या. त्यांचे गोळे झाले होते हे खरंच होतं. त्यामुळे दोष कुणाचा यावर घरात मतभेद नव्हता. नागपूरचा चुलतभाऊ, ऑफिसातले सहकारी, खालच्या मजल्यावरचे शर्माजी, सगळे एकच बोलले: गादी बदला.

आधी चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरात, नेऊन कापूस पिंजून घेतला. पंधरा दिवस फरक वाटला असं मी सगळ्यांना सांगितलं. मग चुलतभावाच्या सल्ल्याने तीन आठवडे जमिनीवर सतरंजी टाकून झोपलो. जयपूरच्या थंडीत फरशीवर झोपणं म्हणजे काय ते झोपल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी उठताना आधी कूस, मग गुडघे, मग पलंगाची कड धरून उभं, अशी माझी पद्धत ठरून गेली होती. ईशा ती बघायची आणि कॉलेजला जायची.

गोविंदजींचं दुकान

होळीच्या आधी एका शनिवारी मी आणि माधुरी चारदीवारीत गाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोविंदजी, साठीचे, बोलणं कमी. त्यांनी मला बूट काढून तीन गाद्यांवर आळीपाळीने झोपायला लावलं. कमरेखालून हात घालायला सांगितला. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, अजिबात शिरलाच नाही तर फार मऊ, जरा अडकत अडकत गेला तर बरोबर. कुशीवर वळवून खांदा किती रुततो ते पाहिलं, पाठीचा कणा सरळ राहतो का ते माधुरीला मागे उभं करून पाहायला लावलं. गादी निवडण्याची याहून सोपी आणि खरी रीत मला आजपर्यंत भेटलेली नाही.

तिसऱ्या गादीवर मी पाच मिनिटं पडून राहिलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "भाईसाहब, लेटते हो तो आराम मिलता है या दर्द बढ़ता है?"

मी म्हटलं, वाढतं. दिवसा कामात असलो की कमी, पडलो की जास्त.

"तो फिर मैं आपको गद्दा नहीं बेचूँगा," गोविंदजी म्हणाले. "पहले डॉक्टर को दिखाओ."

मला तो अपमान वाटला. वीस वर्षं डॉक्टरांचे कागद तपासणाऱ्या माणसाला एक गादीवाला वैद्यकी शिकवतो, असं मी रिक्षात बसल्यावर माधुरीला म्हणालो. त्याच्याकडे बरा माल नसेल म्हणून टाळतोय, असंही म्हणालो. माधुरी म्हणाली की माणूस स्वतःचं गिऱ्हाईक घालवून सांगतो आहे तर काहीतरी बघूनच सांगत असेल. मी म्हटलं, मे महिन्यात बदलीची यादी लागणार आहे, नागपूर मागितलं आहे, नागपूरला आपले डॉक्टर आहेत, आपल्याकडे गेल्यावर बघू.

तक्ता

मग मी घरबसल्या मोबाइलवरून फोमची गादी मागवली. कंपनीची अट मला फार आवडली होती. शंभर रात्री झोपून बघा, पटली नाही तर आम्ही परत नेऊ. गादीचं भलंमोठं वेटोळं खोक्यातून आलं, उघडल्यावर हळूहळू फुगलं. ग्राहक सेवेतल्या मुलीने फोनवर सांगितलं की नव्या गादीची सवय व्हायला अंगाला तीस रात्री लागतात, तोवर मत बनवू नका.

मी न्यायाने वागणारा माणूस आहे, निदान तसं मला वाटतं. परत करायची तर पुराव्यानिशी करावी म्हणून मी ऑफिसची एक जुनी डायरी घेतली आणि पट्टीने आखून तक्ता केला. रात्र क्रमांक, झोप, दुखणं, शेरा. रोज सकाळी चहाबरोबर नोंद. ओळ सरळ यावी म्हणून प्रत्येक नोंदीखाली पट्टीने रेघ. ईशा हसायची, म्हणायची, "बाबा, तुम्ही गादीची मतलब परीक्षा घेताय." मीही हसायचो. त्या तक्त्याचा मला अभिमान होता.

त्यातल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो.

रात्र ११. पहाटे तीनला जाग. दुखणं मधोमध. गादीचा मधला भाग कमकुवत असावा.

रात्र २८. घामाने बनियन, उशी ओली. फोम फार तापतो. सुती खोळ मागवणे.

रात्र ४७. अंग पूर्वीइतकं रुतत नाही. गादी आता चांगला आधार देऊ लागली आहे. सुधारणा.

रात्र ७१. उठल्यावर पाय जड. पलंगाची उंची जास्त होते आहे.

त्या काळात घरात काय चाललं होतं ते तक्त्यात नाही. रोज संध्याकाळी मला कणकण असायची, ती मी ऑफिसच्या एसीवर ढकलली. पँट ढिली झाली तर उन्हाळ्यात जेवण कमी जातं म्हणालो. माझं बोलणं तुसडं झालं होतं. भाजीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं आणि ईशाने पंधरा दिवस माझ्याबरोबर जेवणं टाळलं. माधुरी एक्स-रे काढा म्हणून आधी रोज सांगायची, मग दोन दिवसांनी, मग तिने तो विषयच काढणं सोडलं. मला वाटलं, तिला पटलं.

मे महिन्यात यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, पुरवणी यादी येते नेहमी.

डावी चप्पल

जूनच्या सुरुवातीला डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली. मी चार पावलं पुढे गेलो की कुणीतरी हाक मारून सांगायचं, साहेब, तुमची चप्पल. पहिल्या दिवशी मी नवी चप्पल घेतली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं ठरवलं आहे. गादीच्या बाबतीत केलं तेच मी चपलेच्या बाबतीतही केलं.

चार दिवसांनी सकाळी न्हाणीघरात पाय गेले. घसरले नाहीत, गेले. मी खाली बसलेला आणि कमरेपासून खालचं अंग माझं ऐकत नव्हतं. लघवी तुंबली होती हेही तेव्हाच लक्षात आलं. माधुरीने दार ढकललं, ईशाने शर्माजींना बोलावलं आणि तिघांनी मला जिन्यातून खुर्चीवर बसवून खाली आणलं. माझ्या तक्त्याप्रमाणे ती रात्र चौऱ्याण्णवची सकाळ होती.

इस्पितळात आधी नळी घातली, मग एमआरआयच्या त्या ठोकठोक यंत्रात घातलं. दुपारी सर्जन आल्या. चाळिशीच्या आतल्या, सीकरकडच्या, थकलेल्या. मणका आतून खाल्ला गेलाय आणि नसांवर दाब आला आहे, असं त्यांनी सांगितलं. कारण दोन असू शकतात, टीबी किंवा कॅन्सर, तुकडा काढून तपासल्यावर कळेल. ऑपरेशन लगेच करावं लागेल. पाय परत येतील का, असं माधुरीने विचारलं. दाब किती दिवस होता त्यावर आहे, असं उत्तर आलं.

मग त्यांनी मला विचारलं, कधीपासून? हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर लाल पेनाने विचारला आहे. मी म्हटलं, दोन-तीन महिने. माधुरी म्हणाली, संक्रांतीपासून. ताप? मी म्हटलं, नाही. रात्री घाम? नाही. वजन कमी? विशेष नाही. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरोखरच तसं वाटत होतं.

ईशा पायथ्याशी उभी होती. गडबडीत तिने बॅगेत माझा चष्मा, चार्जर आणि ती डायरी टाकली होती. बाबा रोज सकाळी लिहितात, तर तिथेही लागेल, असं तिला वाटलं. तिने डायरी काढली आणि म्हणाली, "मॅम, पापा ने सब लिखा है."

डॉक्टरांनी वाचायला सांगितलं. माझी मुलगी मराठी कधी शाळेत शिकली नाही. हिंदीच्या आधाराने ती एक एक अक्षर लावत वाचते. माझं अक्षर, माझी मराठी, तिने थांबत थांबत वाचून दाखवली आणि अडलं तिथे हिंदीत सांगितलं. घाम म्हणजे पसीना, रुतणे म्हणजे धँसना. अकरा, अठ्ठावीस, सत्तेचाळीस. डॉक्टर उभ्या होत्या त्या खुर्ची ओढून बसल्या. आधी मला कळेना की यात एवढं ऐकण्यासारखं काय आहे. मग सत्तेचाळीसाव्या रात्रीचं वाक्य मी माझ्याच मुलीच्या तोंडून ऐकलं. अंग पूर्वीइतकं रुतत नाही. गादी कडक झाली नव्हती. मी हलका होत चाललो होतो आणि त्यापुढे मी सुधारणा असं लिहिलं होतं.

"सर, ये गद्दे की डायरी नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. "इतनी साफ़ हिस्ट्री हमें कोई मरीज़ नहीं देता."

ईशा पुढे वाचत होती. बासष्टाव्या रात्रीपाशी ती थांबली. तिथे शेरा या रकान्यात अक्षर माझं नव्हतं. तिने वर पाहिलं नाही, तशीच मान खाली घालून वाचलं.

"हे गादीचं नाही. डॉक्टरकडे चला. मला भीती वाटते."

त्या ओळीवर पट्टीने मारलेली लाल रेघ होती. बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं होतं, विषयाशी संबंधित नाही. आणि खाली माझी सही, कारण खाडाखोड केली की सही करायची ही आमच्या ऑफिसची शिस्त. ईशाने तेही वाचलं, कारण तिला सगळं वाच म्हटलं होतं. माधुरी खिडकीशी उभी राहून माझ्या नळीच्या पिशवीकडे बघत होती. डॉक्टरांनी डायरी मागून घेतली, त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ऑपरेशनच्या कागदांवर सह्या घ्यायला नर्सला पाठवलं.

हवेची गादी

ऑपरेशन झालं. मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसले. तपासणीचा निकाल यायला दिवस गेले, तोवर आम्ही तिघं देवाकडे टीबी मागत होतो. कुणाच्या घरात टीबी व्हावा म्हणून नवस बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. माधुरीने बोलला. टीबीच निघाला आणि ती बाहेरच्या बाकावर बसून खूप रडली. अकोल्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला तो ताट-वाटी वेगळी ठेवता ना, हे विचारायला. मणक्यातला असा पसरत नाही, हे माधुरीने तिला तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा फोन उचलला नाही.

वॉर्डात माणसाची दिनचर्या त्याच्या पाठीभोवती फिरते. दर दोन तासांनी तिघींनी मिळून मला ओंडक्यासारखं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं. सकाळी मूठभर गोळ्या, त्यांनी लघवी केशरी व्हायची आणि दिवसभर मळमळायचं. कुणीतरी येऊन पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचायचं आणि विचारायचं, कळतंय? सुरुवातीला मी अंदाजाने हो म्हणायचो. मग डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझे अंदाज उघडे पडले. त्यानंतर मी कळत नसेल तर नाही म्हणायला शिकलो. पन्नाशी उलटल्यावर शिकलेली ही एक गोष्ट.

तरीही माकडहाडावर जखम झालीच. सुरुवातीला नुसता लाल डाग, मग कातडी गेली. तिचा वास मला स्वतःला यायचा आणि ईशा जवळ आली की मी तिला काही ना काही आणायला बाहेर पाठवायचो. मग माझ्याखाली हवेची गादी आली. तिला एक छोटा पंप असतो, तो दिवसभर घुरघुरतो, आणि गादीतले फुगे आळीपाळीने भरतात, रिकामे होतात, म्हणजे एकाच जागेवर भार राहत नाही. इतका अभ्यास करून या गादीचं नावही मला ठाऊक नव्हतं.

वॉर्डात कमलाजी म्हणून आया होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या. दर वेळी वळवून झालं की त्या चादरीवरून तळहात फिरवायच्या आणि एकही सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. एक सुरकुती म्हणजे एक घाव, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी त्यांची पाळी संपली होती, पदर खोचलेला सोडून त्या निघालेल्या, आणि दारातून परत आल्या, माझ्या पायाखालची चादर ओढून सारखी केली आणि गेल्या. मी तोंड भिंतीकडे केलेलं होतं, तसाच रडलो. त्या सगळ्या महिन्यांत मी रडलो तो तेवढाच.

शंभरावी रात्र मी इस्पितळात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गादी कंपनीचा फोन आला, तीच मुलगी असावी. सर, आपली चाचणी संपली, अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल? माधुरीने फोन माझ्या कानाला लावला होता. त्या मुलीची काही चूक नव्हती आणि गादीचीही नव्हती. मी म्हटलं, गादी चांगली आहे. तिने विचारलं, म्हणजे पाच देऊ? मी हो म्हणालो.

आता

ही गोष्ट दीड वर्षांपूर्वीची. गोळ्या नुकत्याच थांबल्या. उजवा पाय परत आला, पूर्ण नाही पण भार घेण्याइतका. नळी गेली. जखम भरायला चार महिने लागले. बदली मी मागितलेली नाही आणि आता कुणी विचारलं तर आपल्याकडे म्हणजे कुठे, हे मला चटकन सांगता येत नाही. माधुरीने जयपुरात दाढ काढून घेतली.

झोपतो ते गोविंदजींच्या काथ्याच्या गादीवर. इस्पितळातून सुटण्याआधी ईशा एकटी त्यांच्या दुकानात गेली होती. त्यांना मी आठवत होतो. त्यांनी तिला माझं आताचं वजन विचारलं, पलंगाची उंची गुडघ्याइतकीच ठेवायला सांगितलं, म्हणजे उठताना पायावर जोर कमी येतो, आणि गादी स्वतः माणूस बरोबर देऊन वर चढवली. मी त्यांना फोन करून आभार मानले. ते एवढंच म्हणाले की उस दिन मुझे ज़ोर से बोलना चाहिए था. त्यांनी काय कमी केलं होतं? पण त्यांनाही तसं वाटत होतं.

ज्यांच्यासाठी लिहितो आहे त्यांना सांगायचं ते थोडकंच आहे. गादी जरूर चांगली घ्या, झोपून बघून घ्या, कमरेखाली हात घालून घ्या. पण विश्रांतीने जे दुखणं वाढतं ते गादीच्या दुकानात न्यायचं नसतं. घाम, कणकण, घटतं वजन यांना प्रत्येकाला वेगळं कारण मी शोधून दिलं होतं आणि ती सगळी कारणं पटण्यासारखी होती. आणि तुमच्या तक्त्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं, तर आधी ते वाचा.

गेल्या आठवड्यात गोळ्या थांबल्यानंतरची मोठी तपासणी होती. डाव्या पायाबद्दल डॉक्टरांनी फार घोळवलं नाही. जे यायचं होतं ते आलं, असं म्हणाल्या. मी विचारलं, होळीनंतर लगेच आलो असतो तर? त्यांनी कागदांकडे बघत उत्तर दिलं की तेव्हा तुम्ही चालत आला असता. परतताना ईशा गाडी चालवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधुरी नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या पायाला पट्ट्यांचा आधार बांधायला खाली बसली. तो बांधल्याशिवाय पाऊल लोंबतं आणि मी पडतो. डायरीतल्या त्या ओळीबद्दल आम्ही दीड वर्षात एक शब्द बोललो नव्हतो. मी तिला म्हणालो की ती रेघ मी मारायला नको होती. तू लिहिलेलं मी वाचलं होतं, मला कळलं होतं, आणि तरी मी ते खोडलं. मला माफ कर.

ती पट्टा आवळत होती. हात थांबले नाहीत.

"पट्टी तुम्ही मागितली होती," ती म्हणाली. "मी कणीक मळून राहिली होती. हात धुतले, ईशाच्या कंपासमधून पट्टी काढली आणि तुमच्यासमोर आणून ठेवली. तुम्ही काय खोडून राहिले ते मला दिसत होतं. तरी मी दिली."

मग तिने शेवटचा पट्टा ओढला आणि विचारलं, घट्ट होतो आहे का? डाव्या पायाला ते कळत नाही, हे तिलाही माहीत आहे. मी म्हटलं, नाही, ठीक आहे.